वरची ओळ, खालची ओळ

मला आधी राग येतो अन् मग कळतं, असं आमची मुक्ताबाई म्हणते. मुक्ताबाई म्हणजे माझी बायको. बावीस वर्षं झाली तिला हा राग सांभाळून, तेव्हा तिचं म्हणणं खरंच असणार. पण त्या शुक्रवारी मला राग आला तो बरोबरच आला होता, हे मी आजही कुणापुढंही सांगीन.

मी कडुबा. वाळूजला गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सात नंबरच्या प्रेसवर अकरा वर्षं उभा हाय. प्रेस म्हणजे काय, तर खाली पत्रा ठेवायचा, वरून दोनशे टनाच्या जोरानं ठोकळा येतो अन् पत्र्याला आकार देतो. मधी हात राहिला तर हातालाही देतो. म्हणून मशीनच्या डाव्या अंगाला एक लाल बटन असतं. ते दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं.

तर शुक्रवारी सकाळी कामावर आलो अन् बघतो तर हजेरीच्या मशीनजवळ कागद चिकटवलेला. सोमवारपासून ज्यांनी यायचं नाय अशी चार नावं. पहिलं नाव माझं. पुढं कारण लिहिलेलं: ‘ऑपरेटरची चूक. विनाकारण लाल बटन दाबून मशीन बंद केले. तीन महिन्यांत एकेचाळीस वेळा.’ खाली बारीक अक्षरात, ज्याची हरकत असेल त्यानं शनिवारी अकराला प्लांट हेडला भेटावं.

विनाकारण! तळपायाची आग मस्तकात गेली. मला काय लाल रंगाचा शौक हाय का? शिफ्ट कशीबशी काढली. डबा तसाच राहिला. दोन पोरांच्या फिया, घराचं भाडं, सगळं त्या एका कागदावर लटकलेलं दिसत होतं. अकरा वर्षं एकाच मशीनवर काढलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाला वाळूजमधी दुसरं कोण दारात उभं करणार? तीनचा भोंगा झाला अन् मी थेट वरच्या मजल्यावर गेलो.

हा एकेचाळीसचा आकडा काढणारी कोण, ते चहावाल्यानं सांगितलं होतं. योगिनी मॅडम. पैठणची पोरगी, शहरातच इंजिनिअरिंग केलेलं, कंपनीत लागून जेमतेम चार महिने झालेले. मशीनी दिवसभर काहीबाही लिहीत असतात, ते लिखाण वाचायचं तिचं काम.

दार ढकललं तर आतून आवाज आला, “काका, बूट बाहेर काढा हं. सगळीकडे ऑइल लागतं.”

माझी नोकरी चाललेली अन् हिला फरशीची काळजी! तरी बूट काढले. नुसत्या मोज्यांवर भांडायला मजा येत नाय, हे त्या दिवशी कळलं.

“मॅडम, मी चारशे सतरा नंबर. कडुबा. तुमच्या यादीतला पहिला.”

तिचा चेहरा एकदम उतरला. “यादी? मला फक्त कोण किती वेळा बटन दाबतं तेवढं मोजायला सांगितलं होतं. त्याचं असं काही होणार हे मला कुणी बोललंच नाही.”

“मोजलं कसं?”

तिनं खुर्ची सरकवली, मला बसवलं अन् पडद्यावर लिखाण उघडलं. शेडमधल्या नऊही मशीनींचं एकत्र. प्रत्येक मशीन दर सेकंदाला एक ओळ लिहिते. चालू हाय, तपमान एवढं, तेलाचा दाब एवढा. तीन महिन्यांच्या ओळी म्हणजे कोटीच्या घरात. एवढं माणूस वाचू शकत नाय, म्हणून कॉम्प्युटरला एक साचा द्यायचा असतो. साच्याला पॅटर्न म्हणतात. तिचा साचा सोपा होता. ज्या ओळीत ‘लाल बटन’ अन् ‘ऑपरेटर ४१७’ दोन्ही असतील ती ओळ उचल. एकेचाळीस निघाल्या.

“अन् त्याच्या वरची ओळ?” मी म्हणलं.

“वरची कशाला? साचा एका वेळी एकच ओळ बघतो. ओळ संपली की त्याच्यासाठी सगळं संपलं.”

आता बोला! मी डोक्याला हात लावला.

“मॅडम, आम्ही मेंढपाळाची माणसं. माझा भाऊ मुंजाबा आजही मेंढरं घेऊन रानानं फिरतो. मीही विसाव्या वर्षापर्यंत फिरलो. चालता चालता एखादं मेंढरू थबकलं, तर आम्ही त्याला काठी मारत नाय. त्याच्या पुढं काय झालं ते आधी बघतो. पुढं लांडगा असतो, विहीर असते. तुम्ही थबकलेलं मेंढरू तेवढं मोजलं अन् काठी मला मारली.”

ती हळूच म्हणाली, “पुढं काय असतं तुमच्या?”

“तेलाचा दाब कमी होतो. आधी मशीन बारीक हुंकारते. मग पडद्यावर पिवळी सूचना येते. मशीन आपणहून थांबत नाय, नुसती सूचना देते. तेल कमी पडलं तर ठोकळा हातातून निसटल्यागत खाली येऊ शकतो. मी तीनदा तोंडी सांगितलंय, वॉल्व बदला. तोंडी सांगितलेलं तुमच्या त्या लिखाणात हाय का?”

“तोंडी नाही,” ती म्हणाली, “पण सूचना असणार.” अन् बाह्या सारून बसली. पोरगी कामाची होती, हे तिथंच कळलं. पण लगेच कबूल करणारा मी नव्हं.

तिनं नवा साचा लिहिला. आधी ‘तेलाचा दाब कमी’, मग एक टिंब अन् एक चांदणी, मग ‘लाल बटन ४१७’. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, चांदणी म्हणजे कितीही वेळा. म्हणजे या दोन गोष्टींच्या मधी काहीही असलं तरी चालेल. तिनं खटकन् बटन दाबलं.

उत्तर आलं शून्य.

“वा,” मी म्हणलं. “म्हणजे मी खोटारडा.”

“थांबा हो काका! टिंब कुठल्याही अक्षराला चालतं, पण ओळ जिथं मोडते तिथं अडतं. त्याला उंबरा ओलांडायची परवानगी द्यावी लागते.” तिनं कुठंतरी एक खूण केली. “आता दिली.”

पुन्हा खटकन्. उत्तर आलं एक.

एक! मी मान वाकडी करून बघितलं. एकच घटना, पण ती सुरू होत होती दोन जानेवारीला सकाळी अन् संपत होती एकतीस मार्चला दुपारी.

मला हसू आवरेना. “मॅडम, तीन महिने माझा हात बटनावरच होता व्हय? जेवलो कधी? संक्रातीला घरी कोण गेलतं?”

तीही हसली, पण कानापर्यंत लाल झाली. “ह्याला आमच्यात हावरट म्हणतात. खरंच म्हणतात. चांदणी हावरट असते. पहिली सूचना सापडली की जे शेवटचं लाल बटन असेल तिथपर्यंत सगळं गिळते.”

“वाड्या-वस्त्यांवरच्या सगळ्यांची मेंढरं एकाच वाघरीत कोंडली तुम्ही.” वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी.

“हो. आता तिच्यापुढं प्रश्नचिन्ह ठेवते. म्हणजे ती जपून खाईल. पहिलं लाल बटन दिसलं की थांबेल.”

एवढ्याशा प्रश्नचिन्हानं हावरटपणा जात असेल तर आमच्या सुपरवायझरच्या कपाळावर एक काढायला पाहिजे, असं मी म्हणलं. ती म्हणाली, हे मी ऐकलंच नाही.

खटकन्. उत्तर आलं एकेचाळीस.

“काका!” ती खुर्चीतून उडालीच. “एकेचाळीसपैकी एकेचाळीस! प्रत्येक वेळी आधी तेलाची सूचना आहे. सुटलात तुम्ही!”

माझाही जीव भांड्यात पडला असता. पण सवय वाईट. कुणी मेंढरं मोजून दिली तरी मी पुन्हा मोजतो. म्हणलं, कागदावर काढा. तिनं काढलं. मी बोट ठेवून एकेक वाचू लागलो. खाली चारची बस गेली. खिडकीतून तिची पाठ दिसली.

अकराव्या नंबरवर बोट थांबलं.

“मॅडम, हे नाय चालायचं. हिथं बटन साडेअकराला दाबलंय अन् तेलाची सूचना साडेनऊची हाय. दोन तास मी काय झोपलो होतो? हे माझं पाप हाय. जेवणाची सुट्टी झाली, भूक लागली होती, मुक्ताबाईनं वांग्याचं भरीत दिलं होतं. नेहमीचं बटन सोडून लाल दाबलं. तेलाच्या माथी नका मारू.”

तिनं कागदावरून मान वर केली. “तुमची नोकरी जातीय, आणि तुम्ही एक कमी करताय?”

“अन् हे बघा, सोळावं. हिथली तेलाची सूचना तीन नंबरच्या मशीनची हाय. तीन नंबरची मेंढी माझ्या कळपात कशी? आम्ही पाठीवर रंगाची खूण करतो. तुमच्या मशीनींना नंबर हाय ना? मग वर जो नंबर तोच खाली असला पाहिजे.”

तिनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणलं. ‘पाच वर्षं शिकले’ एवढंच मला ऐकू आलं. मग विचारलं, “सूचना आल्यावर तुम्ही किती वेळात बटन दाबता?”

“मोजलं नाय कधी. हात जातो.”

“अंदाजे?”

मी डोळे मिटले. हुंकार, पिवळी सूचना, हात. “चार-पाच सेकंद.”

“म्हणजे सात नंबरच्या जास्तीत जास्त पाच ओळी.” तिनं आधी सात नंबरच्या ओळी बाजूला काढल्या. मग साच्यात मोकळी सोडलेली चांदणी काढून टाकली अन् तिथं पाच ओळींची हद्द घातली. साचा आता पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. बघूनच डोकं गरगरत होतं.

खटकन्. एकोणचाळीस.

एकोणचाळीस खरे. एक भरिताचा. राहिला एक, तेच सोळावं. बारा फेब्रुवारी, सकाळी दहा बेचाळीस. तिनं तेवढा तुकडा उघडला. वर बघितलं तर पाच ओळी काय, पन्नास ओळी सगळं ठीक. तेल ठीक, तपमान ठीक. अन् मधीच लाल बटन.

“हे काय झालं होतं?” असं विचारता विचारता तिची नजर खाली गेली. लाल बटनाच्या खालच्या ओळी. ‘जाळीचे दार उघडे. सुरक्षा बंद ठेवणारी चावी काढली. कार्ड ००३.’

“तीन नंबरचं कार्ड म्हणजे...”

“राहू द्या,” मी म्हणलं.

“काका, हे विश्वजीत सरांचं कार्ड आहे.”

विश्वजीत सर म्हणजे आमचे प्लांट हेड. ज्यांच्यापुढं मला दुसऱ्या दिवशी उभं राहायचं होतं तेच. मग सांगावंच लागलं. त्या दिवशी बाहेरगावचे सहा पाहुणे आले होते, मोठे गिऱ्हाईक. सर त्यांना माझ्या मशीनजवळ घेऊन आले. जाळीचं दार उघडलं की मशीन आपोआप थांबते, पण ती थांबू नये म्हणून सरांनी चावी लावली अन् चालू मशीनचं दार उघडलं. चावी असेपर्यंत मशीनला दार बंदच वाटतं, चावी काढली की मगच उघडं दिसतं. पार्ट कसा बसतो ते दाखवायला बोट केलं, बोटामागं हात गेला, हातामागं खांदा. ठोकळा वरून निघालेला. मी बटन दाबलं. सगळं थांबलं. ठोकळा अन् मनगट यांच्यात वीतभर जागा राहिली होती, पण सरांचं तोंड पाहुण्यांकडं होतं. त्यांनी बघितलंच नाय. मागं वळले, चावी काढली अन् ओरडले, “मशीन कुणी बंद केली?”

मी म्हणलं, “चुकून हात लागला, सर.”

“चुकून?” मॅडम ओरडली. “का म्हणालात असं?”

“पाहुणे होते ना. पाहुण्यांसमोर घरच्या माणसाची बेइज्जती करायची नाय, ही आमच्या घरची रीत. तुमच्या पैठणला नसते का?”

तिनं त्या ओळींवर बोट ठेवून वेळ पुन्हा वाचली. त्या बारा तारखेपासून सर मला दिसले की दुसरीकडं बघायचे. ‘पाहुण्यांसमोर मशीन बंद करणारा माणूस’ म्हणून मी त्यांच्या डोक्यात बसलेलो, हे मला माहीत होतं. लई लागलं होतं मला ते. आता खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नव्हतो.

“खालच्या ओळी कागदावर घेऊ नका,” मी म्हणलं. “वरच्या तेवढ्या घ्या. एकोणचाळीस लई झाले.”

“नाही घेत,” ती म्हणाली.

“शब्द?”

“शब्द.”

बस गेलेली, म्हणून तिनंच स्कुटीवरून रांजणगावच्या फाट्यापर्यंत सोडलं. मेंढरांत वाढलेला माणूस मी, पण त्या पोरीच्या स्कुटीवर जीव मुठीत धरला होता. हिच्या स्कुटीलाही एक लाल बटन पाहिजे, असं सांगून मी उतरलो.

शनिवारी अकराला सरांची केबिन. सर टेबलामागं, मी उभा, अन् मॅडम कागद घेऊन माझ्या बाजूला. तिनं सगळं नीट सांगितलं. आधीचा साचा एकाच ओळीचा होता, ती चूक तिची. आता अनेक ओळींचा लावला. एकोणचाळीस वेळा तेलाचा दाब कमी झाल्यावर पाच सेकंदांच्या आत बटन दाबलंय, म्हणजे नियमाप्रमाणं. सात नंबरचा वॉल्व खराब हाय.

सरांनी चष्मा काढून पुसला. “ठीक आहे. एकोणचाळीस मान्य. राहिले दोन.”

“एक भरिताचा,” मी म्हणलं.

“काय?”

“चूक झाली सर. भूक लागली होती.”

ते हसले नाहीत. “आणि बारा फेब्रुवारी? त्या दिवशी मी तिथं होतो. माझ्या डोळ्यांसमोर, गिऱ्हाइकांसमोर ह्यानं मशीन बंद केली. काही कारण नव्हतं. ह्यानं स्वतः कबूल केलं. एवढ्या महत्त्वाच्या वेळी ज्याचा हात चुकतो तो माणूस मशीनवर कसा ठेवू? मला सांगा योगिनी, त्या दिवशी वर काही सूचना आहे?”

“नाही सर. वरच्या ओळींत काही नाही.”

म्हणलं, संपलं. सोमवारी घरी. मुक्ताबाईला काय तोंड दाखवायचं? अन् तरीही ती गोष्ट माझ्या तोंडून निघेना.

“पण खालच्या आहेत,” मॅडम म्हणाली अन् शेवटचा कागद पुढं सरकवला.

शब्द दिला होता पोरीनं! मी तिच्याकडं डोळे वटारले. ती छताकडं बघत म्हणाली, “सॉरी काका. साचा जरा हावरट झाला. खालचंही गिळलं त्यानं.”

सर मोठ्यानं वाचू लागले. “दहा बेचाळीस, मशीन सात, लाल बटन, ऑपरेटर चारशे सतरा. दहा सेकंदांनी, जाळीचे दार उघडे. सुरक्षा बंद ठेवणारी चावी काढली. कार्ड...”

तिथं आवाज थांबला. त्यांच्या गळ्यातल्या पट्टीला ते कार्ड लटकत होतं. त्यांनी ते उलटं करून बघितलं. मग स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवला अन् त्याच्याकडं बघत राहिले.

“कुठपर्यंत आला होता?” त्यांनी विचारलं. माझ्याकडं न बघता.

मी वीतभर अंतर दाखवलं.

“मग त्या दिवशी बोलला का नाहीस?”

“पाहुणे होते ना सर.”

त्यांनी यादीचा कागद ओढला. माझ्या नावावर रेघ मारली. ‘ऑपरेटरची चूक’ यावर दोन रेघा मारल्या अन् बाजूला त्याच उजव्या हातानं लिहिलं, ‘माझा हात आत होता.’ खाली सही केली. मला म्हणाले, “सोमवारी ये.” मला रडू आलं होतं, म्हणून मी बुटांकडं बघत बसलो.

बाहेर आल्यावर मी मॅडमला झाप झाप झापलं. शब्द देऊन फिरवते म्हणजे काय! ती म्हणाली, “काका, पाहुणे नव्हते केबिनमध्ये. आपण तिघंच होतो.”

वॉल्व आठवड्यात बदलला. पुढच्याच महिन्यात पुन्हा पाहुणे आले, हे आठ जण, कोट घातलेले. सर त्यांना घेऊन माझ्या मशीनकडं आले अन् जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडं थांबले. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले. सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “कडुबा, येऊ का?”

मी ठोकळ्याकडं बघितलं. तो अजून खाली येत होता.

“थांबा,” मी म्हणलं.

अन् सर थांबले.